तलफेला तलफच म्हणा

आमच्या आजीची मशेरी संपली की अख्ख्या घराला कळायचं. सकाळी मोरीत भांडी आपटल्याचा आवाज आला की आई माझ्या हातात दहाची नोट कोंबून मला तंबाखूची पुडी आणायला पिटाळायची. "जा पटकन, आजीला तलफ आलीय." मग तव्यावर तंबाखू भाजली जायची, सगळे ठसकायचे, आणि आजी पुन्हा आजी व्हायची. तिची मशेरी सोडवायचा प्रयत्न कुणी केला नाही, हे वाईटच. पण तिच्या चिडण्याला कुणी तिचा स्वभावही म्हटलं नाही. तलफ म्हणजे तलफ.

सहा आठवड्यांपूर्वी मी व्हेप सोडलं. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी आहे म्हणून आईवर ओरडलो. मीठ बरोबर होतं. त्याच दिवशी ऑफिसात एक साधा मेल चार वेळा वाचूनही डोक्यात शिरला नाही, आणि रात्री अडीचला मी छताकडे बघत होतो. मित्रांना सांगितलं तर एकजात उत्तर आलं: "मनावर घे रे." रील्सवर तर विचारूच नका. गार पाण्याची आंघोळ, एकवीस दिवसांचं चॅलेंज, आरशात बघून स्वतःशी बोलणं. सगळ्याचा अर्थ एकच, की तू कमजोर आहेस, घट्ट हो.

मला या इच्छाशक्तीच्या कौतुकाचा राग येतो. ते खोटं आहे म्हणून येतोच, पण ते विकणाऱ्याच्या सोयीचं आहे म्हणून जास्त येतो.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत ते झेलणारे रिसेप्टर वाढलेले असतात, आणि माल यायचा थांबला की ते बोंब मारतात. काही तासांत सुरुवात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू उतार. चिडचिड, घालमेल, उदासपणा, लक्ष न लागणं, झोप उडणं, सारखी भूक. डॉक्टरांच्या पुस्तकात ही यादी छापलेली आहे. त्यात 'आळशी', 'बेजबाबदार' असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि ही वस्तू बनवलीय कशी ते बघा. पूर्वीच्या ई-सिगारेटमध्ये निकोटिन वाढवलं की घसा जळायचा, शरीरच बस म्हणायचं. मग निकोटिनमध्ये बेंझोइक ॲसिडसारखं आम्ल मिसळून त्याचं सॉल्ट करायची युक्ती आली. घसा शांत, डोस तगडा. पॅकवर 5 टक्के लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ एका मिलिलिटरला सुमारे 50 मिलिग्रॅम. युरोपीय संघाची मर्यादा 20 आहे. शिवाय सिगारेट संपते. तिच्यासाठी जिना उतरावा लागतो, माचिस लागते, कपड्यांना वास येतो. व्हेपला शेवटच नाही. मी ते उशीखाली ठेवायचो आणि कूस बदलताना ओढायचो. घशाची तक्रार बंद करून बनवलेल्या वस्तूपुढे मी हरलो, तर दोष माझ्या मनगटाचा?

आता कायदा. 2019 साली देशात ई-सिगारेटवर बंदी आली. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं गुन्हा. विकताना पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदी उठवा असं मी म्हणत नाही, उठवू नका. पण मला माझं पहिलं व्हेप बंदीनंतरच मिळालं, टपरीवर, "दादा, मँगो आलाय" असं ऐकून. कागदावर जी वस्तू नाही, ती सोडणाराही कागदावर नाही. सिगारेटच्या पाकिटावर 2018 पासून 1800-11-2356 हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर छापलेला असतो. माझ्या डबीवर आंब्याचं चित्र होतं आणि चिनी अक्षरं. तो नंबर मी शेवटी मित्राच्या पाकिटावरून उतरवून घेतला. मित्र तेव्हा ओढत होता.

"आमच्या काकांनी एका रात्रीत सोडली" हे मला किमान दहा जणांनी ऐकवलंय. काकांना नमस्कार. पण मदतीशिवाय सोडणाऱ्यांतले बहुतेक जण पहिल्या काही दिवसांतच परत ओढतात, आणि त्यांची गोष्ट कुठल्या लग्नात कुणी सांगत नाही. निकोटिनची गम आणि पॅच 2009 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. अत्यावश्यक! तरी मी केमिस्टकडे गम मागितली तेव्हा चोरी केल्यासारखा इकडेतिकडे बघत होतो, जे व्हेप घेताना कधी केलं नव्हतं.

गम चघळायचीही रीत असते. मी साध्या च्युइंगगमसारखी कचाकचा चावली आणि अर्धा तास उचक्या देत बसलो. थोडी चावायची, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटिन नीट शोषलं जात नाही. (चहाचा हा नियम मला तलफेपेक्षा जड गेला.) हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा अठराच्या आत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चौथ्या दिवशी आईला खरं सांगितलं. व्हेप म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. ती रागावली, मग म्हणाली, "म्हणजे तलफ. मग सरळ सांगायचं ना, मी आमटी बदलत बसले." तिने तीन आठवडे माझं तिरसट बोलणं अंगाला लावून घेतलं नाही. हे मला कुठल्याही रीलपेक्षा जास्त उपयोगी पडलं, कारण तलफेची एक लाट काही मिनिटांची असते. तेवढा वेळ समोरच्याने भांडण वाढवलं नाही तर ती ओसरते.

एकोणिसाव्या दिवशी एका वाढदिवसाला मी दोन झुरके मारले. चॅलेंजच्या हिशोबात माझा आकडा शून्य झाला. मी शून्य केला नाही, दुसऱ्या दिवशी दोन गम जास्त खाल्ल्या.

आज बेचाळिसावा दिवस आहे. गम दिवसाला नऊवरून चारवर आलीय. टपरीवाल्याचा काल पुन्हा व्हॉट्सॲप आला, लिची आइस आलाय म्हणे. नंबर ब्लॉक केला. त्याच्याकडे आणखी दोन नंबर आहेत, मला माहितीये.