नावं न घेता सांगते हं!

'नावं न घेता सांगते हं...' असं म्हणून ऑफिसच्या कँटीनमध्ये जे काही सुरू होतं, त्यात चहा संपायच्या आत सगळ्यांना नाव कळलेलं असतं. अकाउंट्समधली, नुकतंच लग्न झालेली, नागपूरची. झालं की! आता नाव कशाला घ्यायला हवं?

मी सोशल वर्कर. पुण्यातल्या एका संस्थेत काउन्सेलर आहे. लोक माझ्यासमोर बसून जे बोलतात, ते कित्येकदा त्यांनी आईला, नवऱ्याला, जिवलग मित्रालाही सांगितलेलं नसतं. आमचा फंडा एकदम सिंपल: खोलीत ऐकलं ते खोलीतच. सांगायला सिंपल, पाळायला सॉलिड अवघड!

म्हणजे बघा. क्लायंटला फोन केला आणि सासूबाईंनी उचलला, तर संस्थेचं नाव घ्यायचं नाही. 'तुमच्या रिपोर्टबद्दल बोलायचंय' असला मेसेज टाकायचा नाही, कारण मोबाइल लॉक असला तरी तो स्क्रीनवर झळकतो. फाइलवर नाव नाही, फक्त नंबर. लक्ष्मी रोडवर क्लायंट समोरून आला तर मी आधी ओळख दाखवत नाही. त्याने हाक मारली तर मस्त गप्पा, नाही मारली तर आम्ही अनोळखी. शिष्टपणा नाही हो, पहिल्याच भेटीत तसं ठरलेलं असतं.

पण सगळ्यात डेंजरस असतो तो काळजीवाला गोड आवाज. मध्यंतरी एका कंपनीच्या एचआरमधून फोन आला. 'मॅडम, आमचा अमुक एम्प्लॉयी तुमच्याकडे येतो का? फक्त हो की नाही, एवढंच सांगा.' आमच्याकडे एचआयव्हीसोबत जगणारे बरेच जण येतात, हे बाहेर माहीत आहे. म्हणजे माझ्या नुसत्या 'हो'वर त्या माणसाच्या शेजारी बसून डबा खाणारे कमी होणार.

मग 'नाही' म्हणून टाकायचं? खरी मेख इथेच आहे. जो येत नाही त्याच्याबद्दल आज मी 'नाही' म्हटलं आणि जो येतो त्याच्याबद्दल उद्या 'सांगता येणार नाही' म्हटलं, तर दुसरा आपोआप उघडा पडला! म्हणून उत्तर एकच, सगळ्यांसाठी, कायम: 'आमच्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही सांगत नाही.' लपवण्यासारखं काही नसेल तेव्हाही हेच. तो माणूस आमच्याकडे येत होता का, असं विचारताय? तुम्हालाही तेच उत्तर.

हा माझा हट्ट नाही, कायदाच आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. विश्वासाने कळलेली एचआयव्हीची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. नोकरीसाठी टेस्टची अटही घालता येत नाही. एचआरवाल्यांनो, वाचताय ना?

म्हणजे काहीही ऐकलं तरी आम्ही गप्प? अजिबात नाही. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. तिथे गप्प बसणं हाच गुन्हा. कोणाच्या जिवाला धोका असेल तरी बोलावं लागतं. तेव्हाही गरजेपुरतंच आणि ज्याला सांगायला हवं त्यालाच. हे सगळं मी क्लायंटला पहिल्याच दिवशी, त्याने तोंड उघडायच्या आधी सांगते. दार कुठे उघडू शकतं हे माहीत असलं, की आत काय ठेवायचं ते त्याला ठरवता येतं.

आणि आमच्या डोक्याचं काय? घरी नवरा विचारतो, 'आज काय झालं?' मी म्हणते, 'दमले.' बाकीचं संस्थेतल्या सीनिअरसोबतच्या सुपरव्हिजनमध्ये, बंद दाराआड.

तुम्ही काउन्सेलर नसाल, पण कोणाचं ब्रेकअप, कोणाच्या गोळ्या, कोणाचा दुसरीकडचा इंटरव्ह्यू तुमच्याकडे असतोच. तेव्हा एक सवय लावून घ्या. फालतू गोष्टीतही म्हणा, 'मी दुसऱ्यांचं सांगत नाही यार.' विचारणारा थोडा खट्टू होईल. पण स्वतःवर वेळ आली की तोच मुकाट्याने तुमच्या शेजारची खुर्ची ओढून बसेल.