सांगलीचा 47.65

भारताची ऑल टाइम टेस्ट टीम काढणं हा ऑफिस कॅन्टीनमधला हिट टाइमपास. सुनील, सचिन, द्रविड, विराट... दोन मिनिटांत यादी तयार! टेबलावर सातारा-सांगलीकडचं कुणी असेल, तर 'स्मृती मानधना आमच्या सांगलीची' हेही ऐकायला मिळतं. पण 1915 मध्ये सांगलीतच जन्मलेले विजय हजारे आठवतात ते फक्त ट्रॉफीच्या नावापुरते. हे बरोबर आहे का? चला, आकडेच काढू.

30 टेस्ट, 2192 रन्स, 7 सेंच्युऱ्या, ॲव्हरेज 47.65. विराट 2025 मध्ये टेस्टमधून रिटायर झाला तेव्हा त्याचं ॲव्हरेज होतं 46.85. म्हणजे हजारे विराटपेक्षा भारी? इतकं सोपं नाही हो. विराट 123 टेस्ट खेळला. एवढा काळ टिकणं हेच मोठं काम. फर्स्ट क्लासच्या 18,740 रन्सनाही थोडी कात्री लावा. त्यातले 288 आले एका रणजी फायनलमध्ये. त्याच इनिंगमध्ये त्यांनी आणि गुल महंमदने 577 रन्सची पार्टनरशिप केली. बोलर्सचे काय हाल झाले असतील!

आता दुसरी बाजू बघा. ऑगस्ट 1936 नंतर भारत पुढची टेस्ट खेळला थेट जून 1946 मध्ये. मध्ये महायुद्ध. या दहा वर्षांत हजारे 21 चे 31 झाले आणि मग लॉर्ड्सवर त्यांना पहिली टेस्ट मिळाली. म्हणजे हे 47.65 ऐन उमेदीची वर्षं वजा करून आलेलं आहे.

जानेवारी 1948, ॲडलेड. समोर ब्रॅडमनची टीम, लिंडवॉल आणि मिलर. हजारेंचे 116 आणि 145. दुसऱ्या इनिंगमध्ये अख्ख्या टीमचे रन्स 277, म्हणजे निम्म्याहून जास्त एकट्याचे! मॅच हरलो, पण टेस्टच्या दोन्ही इनिंगमध्ये सेंच्युरी मारणारे ते पहिले भारतीय ठरले. वर त्याच सीरिजमध्ये मीडियम पेसवर ब्रॅडमनच्या दांड्या दोनदा उडवल्या, तो बोनस.

कॅप्टन म्हणून 14 टेस्टमध्ये एकच विजय. सीव्हीवर हे फारसं बरं दिसत नाही. पण तो विजय फेब्रुवारी 1952 चा, मद्रासचा. भारताने जिंकलेली पहिलीवहिली टेस्ट!

हिशेब काय निघतो? सुनील-सचिनच्या वर नाही. पण माझ्या टीममध्ये पाच नंबरला हजारेच, आणि गरज पडली तर दहा ओव्हर्सही त्यांच्याच. तुम्ही कुणाला बसवणार, बोला!