‘केल्टिक’ सुरांचें सोंग

चित्रपटाचें संगीत रसपरिपोषासाठीं असतें, तें इतिहासाचें प्रमाणपत्र नव्हे, असें उत्तर आमच्यासारख्या आक्षेपकांच्या तोंडावर नेहमीं फेकण्यांत येतें. तें आम्हांस मान्य आहे. स्कॉटलंडचा वीर विल्यम वॉलेस याला १३०५ सालीं देहान्त शासन झालें. त्याच्या काळीं ऑर्केस्ट्रा नव्हता, म्हणून १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’ चित्रपटासाठीं जेम्स हॉर्नर यांनीं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा वापरला हा गुन्हा, असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. व्हायोलिनें कोणाला फसवीत नाहींत. फसवितें तें प्राचीनतेचा आव आणणारें वाद्य.

बापाच्या दफनानंतरचा, बाल वॉलेसचा रात्रीचा प्रसंग घ्या. डोळ्यांना दिसतो तो स्कॉटलंडचा, तोंडानें फुंकण्याचा बॅगपाइप. कानीं पडतो तो आयर्लंडचा इलन पाइप! हें दुसरें वाद्य कोपराखालच्या भात्यानें वाजतें. त्याचा पल्ला दोन सप्तकांचा, आवाज मऊ, घरांत बसून ऐकण्याजोगा. आणि तें घडलें अठराव्या शतकांत. पहिल्याचे स्वर अवघे नऊ आणि आवाज उघड्या माळावरचा. सनई दाखवून बासरी ऐकविली तर आमच्याकडील शाळकरी पोरेंही हंसतील. तेथें मात्र ‘केल्टिक’ हा मंत्र उच्चारला कीं सारें क्षम्य! त्यांतच मुलाचा चुलता सांगतो कीं, हे सूर आणि हें वाद्य यांवर बंदी आहे. ही बंदीची आख्यायिका वस्तुतः जोडली जाते ती १७४६ च्या कायद्याशीं, आणि त्या कायद्यांतही बॅगपाइपचें नांव नाहीं.

“चाल गोड आहे ना, मग झालें!” चाल गोड आहेच; आम्हींही ती पुन्हा पुन्हा ऐकली आहे. पण या गोडव्याची किंमत कोण देतो? स्कॉटिश बॅगपाइपचें ‘पिब्रोख’ नांवाचें अभिजात संगीत आहे. मूळ चाल संथपणें मांडावयाची, मग तिच्यावर उत्तरोत्तर अलंकार चढवीत न्यावयाचे, ही त्याची रीत. ख्यालाच्या रसिकाला ती परकी वाटूं नये. त्यांत शोकाच्या रचनांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. तो दारांत उभा असतां शेजारचा सूर उसना आणून दोन निराळे बाज एकाच धुक्यांत विरघळवावयाचे, याला आम्ही रसपरिपोष म्हणत नाहीं.

बरें, मध्ययुगाचाच ध्वनि हवा होता, तर साक्षीदारही होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या धर्माधिकाऱ्यानें आयरिश हार्पवादकांची तोंडभर स्तुति केली, आणि पुष्कळांच्या मतें स्कॉटलंडनें या कलेंत आयर्लंडलाही मागें टाकलें आहे, असें लिहून ठेवलें. धातूच्या तारांचा एक जुना हार्प एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतो. त्याच्या प्रतिकृति वाजविणारेही आहेत. चित्रपटांतील त्या कबरीपाशीं मात्र अठराव्या शतकाचा भाता हालत राहतो.