मनी प्लांटची छाटणी



मृगाचा पाऊस सुरू झाला की लोंढ्यासारख्या जंगलपट्टीतील गावांत ओसरीवरच्या कुंड्यांना जणू नवे प्राण येतात. मनी प्लांटचा वेल तर खांबावरून आढ्याला आणि तेथून खिडकीच्या गजांत शिरतो. बुंध्याकडची पाने मात्र गळून गेलेली असतात. उरते ती उघडी दोरी. तरीही घरातील मंडळी म्हणतात, "कापू नका, मरेल." ही भीती निराधार आहे.

वेलाच्या शेंड्यात तयार होणारे वाढीचे द्रव्य खाली उतरून पेरांवरील डोळ्यांना निजवून ठेवते. शेंडा छाटला की ते डोळे जागे होतात व कापाच्या खालून नवे फुटवे येतात. म्हणून कुंडीपासून वीतभर अंतरावर, पेराच्या किंचित वर, स्वच्छ व धारदार सुरीने काप घ्यावा. सगळे वेल एकदम छाटू नयेत. अर्धे आज, उरलेले फुटवे दिसल्यावर.

कापलेल्या वेलाचे काय करावे? उसाचे बेणे आठवावे. डोळ्यावाचून टिपरी उगवत नाही, तद्वतच पेरावाचून मनी प्लांटचा तुकडा तगत नाही. पेरावर तपकिरी उंचवटा दिसतो, तेच भावी मूळ होय. दोन पेरे व एक-दोन पाने राखून तुकडे करावेत आणि खालचे पान काढून ते पेर बाटलीतील पाण्यात बुडवावे. दोन-तीन आठवड्यांनी मुळे बोटभर झाली की चार-पाच तुकडे एकाच कुंडीत लावावेत. पाणी दर तीन दिवसांनी बदलावे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

हा वेल अळूच्या कुळातील आहे. कच्च्या अळूने घशाला खाज सुटते ती ज्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, तेच याही पानांत असतात. म्हणून तुकडे लहान मुलांच्या वा गुरांच्या तोंडी लागू देऊ नयेत.

परंतु सर्वांत मोठी दक्षता पुढेच आहे. उरलेला पाला आपण सहज ओढ्याकाठी किंवा रानाच्या कडेला फेकतो. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा. १८८० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे कुंडीकुंडीतून तो जगभर गेला आणि श्रीलंका, हवाई येथे कुंडीबाहेर पडून रानात पसरला. झाडावर चढला की त्याचे पान हातभर लांब होते व खालची रोपटी झाकली जातात. आपली घाणेरीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणूनच कलकत्त्याच्या उद्यानात आणली गेली होती. आज तिने रानांचे काय केले आहे, हे गुरे राखणाऱ्यांना सांगावे लागत नाही. आपल्याच खानापूर तालुक्यात २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य आहे. एका पेराचा तुकडादेखील ओल्या मातीत रुजतो, हे ध्यानी ठेवून उरलेला पाला पत्र्याखाली कडकडीत वाळवावा व मगच खताच्या खड्ड्यात टाकावा.

मनी प्लांट चोरून आणला तरच घरात पैसा येतो, अशी एक समजूत आहे. पैसा कष्टाने येतो, वेलाने नव्हे. मुळे धरलेले तुकडे आपण होऊन शेजाऱ्यांना द्यावेत. मग कोणाला चोरीची गरज उरणार नाही, आणि रानात फेकण्याजोगेही फारसे काही उरणार नाही.