अतिदक्षता कक्षाच्या दाराबाहेर

कन्हानचा खाण कामगार अत्यवस्थ झाला की रुग्णवाहिका कामठीमार्गे नागपूर गाठते. तो काचेआड, पत्नी बाहेर फरशीवर, हाती औषधांची चिठ्ठी. रुग्णाची विचारपूस सारेच करतात. ही जेवली काय, हे कोण विचारतो? (पत्नी आत असेल तर पतीचीही हीच गत.) आप्तांच्या या मानसिक आघाताला वैद्यकशास्त्राने २०१२ साली स्वतंत्र नाव दिले.

परळची नाना पालकर स्मृती समिती रुग्णांसोबत नातलगांनाही आसरा देते. कन्हानकरांना इमारत उभारावयाची नाही. रात्री कोणी आळीपाळीने तिच्याजवळ बसावे, डॉक्टर सांगतील ते लिहून घ्यावे, मुलांचा डबा शेजारणीने करावा. आणि भेटावयास जाणाऱ्यांनी ‘आता कसे होणार’ हा प्रश्न घरीच ठेवून जावे.