'ओ' म्हणजे नक्की कोणता 'ओ'?

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, "बायोलॉजी सोडून सुटलो, आता इथे पण तेच?" पण आपल्या आयकार्डावर ब्लड ग्रुप असतोच ना! माझं म्हणणं त्या अक्षराबद्दल आहे.

कॉन्व्हेंटमध्ये मेंडेलचे वाटाणे मी पण घोकले. उंच-बुटके, डॉमिनंट-रिसेसिव्ह, चौकोन काढा, मार्क घ्या! रक्तगट मात्र इतके सरळ नाहीत. एबी गटात ए आणि बी दोघंही बरोबरीने दिसतात, कोणी कोणाला दाबत नाही.

त्याहून मोठा धक्का दिला तो आपल्या मुंबईने. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक वेगळाच रक्तगट मांडला. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. पुढे शहराचं नाव बदललं, याचं नाही!

तांबड्या पेशीवर ए आणि बी उभे राहतात ते 'एच' नावाच्या पायावर. आई आणि बाबा, दोघांकडूनही एचचा निकामी जीन आला तर पायाच नाही, मग मजला कुठे चढवणार? ए किंवा बीचा जीन असूनही दिसत नाही आणि साध्या टेस्टमध्ये रिपोर्ट येतो 'ओ'.

आता विचार करा. बाबा एबी आणि मूल 'ओ'. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे अशक्य! मग बोट कोणाकडे जाणार? आईकडेच. अर्धवट सायन्सच्या जोरावर कोणाच्या चारित्र्यावर शंका घ्यायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

दुसरा धोका जिवाचा. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. त्यांना नेहमीचं 'ओ' रक्तसुद्धा चालत नाही, कारण त्यात एच भरपूर असतो आणि त्यांचं शरीर त्याच्यावर तुटून पडतं. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आयकार्डावर 'ओ' छापण्याआधी कॉलेजने अँटी-एच टेस्ट करून घ्यावी. रक्ताचा एक थेंब जास्त लागेल, एवढंच. सर्किट चेक न करता आपण सप्लाय देतो का? मग माणसाच्या बाबतीत अंदाजावर का चालायचं?