पाटी वाचू नका, आवाज ऐका!



आमच्या मोठ्या गटातील बरीच मुले गिटार वाजवतात. त्यामुळे मधल्या सुटीत चहा-बिस्किटांबरोबर एक वाद हमखास रंगतो. व्हॉल्व्हच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाज कोणाचा चांगला? फेंडरचा, व्हॉक्सचा की मार्शलचा? मुले म्हणतात, साठच्या दशकातला अ‍ॅम्प्लिफायर हाती आल्याशिवाय तो आवाज येणारच नाही. पालक म्हणतात, असला फुटका आवाज ऐकायचा आणि वर त्यासाठी हजारो पौंड मोजायचे? आमचे मत असे की दोन्ही पक्षांनी आधी कान उघडावेत.

प्रथम पालकांशी बोलतो. आजोबांच्या घरचा व्हॉल्व्हचा रेडिओ तुम्हाला आठवत असेल किंवा ऐकून माहीत असेल. बटण दाबले की तो लगेच बोलत नसे. आतल्या काचेच्या नळ्या आधी तापाव्या लागत. गिटारच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तेच व्हॉल्व्ह असतात. हळू वाजवले तर आवाज स्वच्छ येतो. जोरात वाजवले की व्हॉल्व्हची ताकद अपुरी पडते, ध्वनिलहरींचे शेंडे दबतात आणि मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर उमटतात. रेडिओत हा दोष ठरला असता. गिटारवादकांनी त्यालाच आपला रंग मानले.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा घोडी घासून आणि तारेखाली दोरा सरकवून ते मुद्दाम झंकार आणतात. त्या झंकारातूनच कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. जवारी नसलेला तंबोरा ‘स्वच्छ’ वाजेल, पण त्याच्या साथीने गायला कोण बसेल? इथे उत्तर लंडनमध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने एका लहान अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. १९६४ सालच्या ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यातला खरखरीत आवाज त्याचाच. जवारीची नजाकत त्यात नाही हे मान्य, पण स्वराला दाटपणा हवा ही ओढ सारखीच आहे.

आता मुलांशी. तुम्ही ज्यांच्यावरून भांडता, त्यांतले दोन तर जवळजवळ सख्खे भाऊ आहेत. फेंडरचा ‘बासमन’ कॅलिफोर्नियात बास गिटारसाठी तयार झाला. पुढे साध्या गिटारच्या वादकांनी तो आपलासा केला. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल या ड्रमवादकाचे दुकान होते. १९६२ साली तेथे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बासमनचाच आराखडा समोर ठेवून ‘जेटीएम ४५’ बनवला. मग आवाजात फरक का? काही व्हॉल्व्ह बदलले हे खरे, पण खोकेही बदलले. बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर असतात आणि खोक्याची पाठ उघडी असते. मार्शलचे चार स्पीकर बारा इंची, वेगळ्या पेटीत, आणि पेटीची पाठ बंद. तेव्हा व्हॉल्व्हची तुलना म्हणून आपण जी करतो, ती बऱ्याच वेळा स्पीकरची आणि लाकडी खोक्याचीच असते.

व्हॉक्सचा ‘एसी ३०’ मात्र वेगळ्या घराण्यातला. तो १९५९ साली केंटमधील डार्टफर्ड येथील जेनिंग्ज यांच्या कंपनीत तयार झाला. आराखडा डिक डेनी यांचा. बाकीच्या दोघांत बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश चूक सुधारण्यासाठी परत आत पाठवतात. एसी ३० मध्ये तशी सोय नाही. म्हणून तो हळूहळू, बोटांच्या जोराप्रमाणे खरखरू लागतो. शॅडोज आणि बीटल्स यांनी तो वाजवला. ‘क्वीन’च्या ब्रायन मे यांचा आवाजही त्याचाच. याच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे आजी-आजोबांना जरूर सांगा.

पण आपण तुलना कशी करतो? कंपनीची पाटी दिसते, किंमत कळते आणि मग कान त्याप्रमाणे ऐकतात. शिवाय जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. तीस वॅट आणि पंचेचाळीस वॅट यांत दोन डेसिबलचाही फरक नसतो, पण आपले मत फिरवायला तेवढा पुरतो. म्हणून आमचे तीन नियम:

१. गिटार एक, वादक एक, धून एक. जमल्यास स्पीकरची पेटीही एकच. मात्र ती जोडताना जाणकार माणूस जवळ हवा.

२. मोबाइलवरील ध्वनिमापकाने आवाजाची पातळी सारखी करावी.

३. मध्ये पडदा. ऐकणाऱ्यांनी गुण कागदावर लिहावेत, आधी आपसात बोलू नये.

आणखी एक गोष्ट. साठ वर्षांत कपॅसिटर सुकतात, रेझिस्टरचे माप सरकते, व्हॉल्व्ह तर कितीदा बदललेले असतात. एकाच वर्षी बनलेले दोन अ‍ॅम्प्लिफायर आज सारखे वाजतीलच असे नाही. ज्या आवाजाच्या शोधात आपण जुना माल धुंडाळतो, तो काढणाऱ्या वादकांच्या हाती तेव्हा कोरे करकरीत अ‍ॅम्प्लिफायर होते! १९६६ साली जॉन मेयॉल यांच्याबरोबर ‘ब्लूज ब्रेकर्स’ ध्वनिमुद्रित करताना एरिक क्लॅप्टनने मार्शलचा आवाज भरपूर मोठा ठेवला होता. भिंतीला भिंत लागून असलेल्या आपल्या घरांत तसे केले तर शेजारी दारात उभे राहतील, आणि आवाज अगदी बारीक ठेवला तर तो रंग येणार नाही. मग ते हजारो पौंड कशासाठी?

म्हणून जुने ते सगळे सोने हे आम्हाला मान्य नाही आणि जुने ते भंगार हेही मान्य नाही. ज्यांच्या घरी असा अ‍ॅम्प्लिफायर आहे त्यांनी तो दुरुस्त करून वाजता ठेवावा. दुरुस्ती मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावी. आत कित्येकशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. मुलांनी मागचे झाकण मुळीच उघडू नये. ज्यांच्याकडे जुना नाही, त्यांनी व्हॉल्व्हचा लहान, नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा आणि उरलेले पैसे शिकवणीला लावावेत.

या सत्रात एका रविवारी वर्ग सुटल्यावर सभागृहात पडद्याआडची ही परीक्षा घ्यावी, अशी आमची सूचना आहे. पालकहो, तंबोऱ्यावर तयार झालेले तुमचे कान आम्हाला परीक्षक म्हणून हवे आहेत. आमचे मत पटत नसेल तर पुढच्या अंकासाठी उत्तर लिहा. मराठीत हं!

— मोठ्या गटाचे विद्यार्थी